उत्तम शुक्रवारचा शास्त्रभाग

बाबांनी हृदयाचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं होतं. कारण विचारलं की "देव बरं करील" एवढंच म्हणायचे, आणि एकदा विश्वासाची गोष्ट निघाली की घरात कोणाला पुढे बोलायची सोय नसायची. यावेळची तारीख चुकवू नका, असं डॉक्टरांनी आईला बजावलं होतं. आदल्या संध्याकाळी धायरीच्या आमच्या घरी चर्चमधली मंडळी प्रार्थनेला जमली.

आमच्यात अशा वेळी जो तो बायबलमधला आपल्या पसंतीचा शास्त्रभाग वाचतो. एकाने पाण्यावर चालणारा प्रभू वाचला, दुसऱ्याने वादळ शांत करणारा, तिसऱ्याने मेलेल्या मित्राला कबरेबाहेर बोलावणारा. प्रत्येक वाचनानंतर बाबांना न भिण्याचा उपदेश झाला. बाबा मान डोलवत होते आणि खुर्चीत अंग चोरून घेत होते. मला मनस्वी राग आला. ख्रिस्त पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य, असं आपण दर रविवारी उभं राहून कबूल करतो. घरी येताना मात्र त्यातला मनुष्य चर्चमध्येच विसरून येतो.

माझी पाळी आली तेव्हा मी प्रभूचा बागेतला प्रसंग काढला, त्याला वधस्तंभावर दिलं त्याच्या आदल्या रात्रीचा. बाबांचे जुने मित्र, चर्चच्या कारभारी मंडळातले आमचे पंच काका, यांनी लगेच हात वर केला. हा भाग उत्तम शुक्रवारी, गुड फ्रायडेला वाचायचा, ऑपरेशनच्या तोंडावर नव्हे, असं त्यांचं म्हणणं.

"काका, आपण अपशकुन कधीपासून मानायला लागलो?" मी विचारलं आणि वाचायला सुरुवात केली.

वाचून झाल्यावर मी सरळ सांगितलं, की वादळ शमवणारा तोच इथे घाबरलाय. हे मरण माझ्यावरून टळू दे म्हणून बापाला विनवतोय, मित्रांना जवळ थांबा म्हणतोय. त्यामुळे त्याचं देवपण तसूभरही कमी झालेलं नाही.

बाबांनी मान वर केली.

"मलाही फार भीती वाटते," ते म्हणाले. "दोन्ही वेळा त्यामुळेच गेलो नाही."

आईने डोळ्यांना पदर लावला. मग बाबा काकांकडे वळले. उद्या आत नेईपर्यंत माझ्यापाशी बसशील का, असं त्यांनी हळूच विचारलं.

काका उठले, खुर्ची ओढून बाबांना खेटून बसले आणि त्यांचा हात हातात घेतला.

"उद्याचं कशाला," ते म्हणाले, "आत्तापासूनच बसतो."