भागरथाबाईचं पाहणं

भागरथाबाई गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे कधी बघत नसे. बुधवारच्या बाजारात गोणपाटावर बसून, पावशी, म्हणजे आमच्याकडची विळी, पायाखाली दाबून ती मासोळी साफ करायची आणि तिची नजर त्या मासोळीवरून हलायची नाही. समोर कोणीही उभा असो, त्याला तिच्या डोक्यावरचा पदर तेवढा दिसायचा. हे गावच्या मालगुजारांना, म्हणजे जमीनदारांना, आवडत नसे. मालगुजारी सरकारनं नुकतीच काढून घेतली होती, पण ते त्यांना अजून कोणी नीट समजावून सांगितलं नव्हतं. "माणसाकडे पाहून बोलावं, बाई," असं ते एकदा म्हणाले. ती खाली बघूनच म्हणाली, "तुमाले पाहून का करू जी? तुमाले थोडीच साफ कराचं आहे?" सगळा बाजार हसला. मालगुजार रागावून गेले आणि पुढच्या बुधवारी मुकाट्यानं परत आले, कारण तिच्यासारखी मरळ साफ करून देणारं पंचक्रोशीत दुसरं कोणी नव्हतं.

आमचं गाव सिंदेवाहीपासून चार कोसांवर, एका मोठ्या तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली. बाबा तिथल्या शाळेचे हेडमास्तर. आमच्या घरात मासोळीचं नावसुद्धा जेवायच्या वेळी घेत नसत. त्यामुळे भागरथाबाईशी माझा संबंध येण्याचं काही कारण नव्हतं. तो आला माझ्या डॉक्टरकीमुळे.

नागपूरला काकांकडे राहून मी इंटर सायन्स झाले तेव्हा मला उत्तम मार्क मिळाले. त्या मार्कांत एक लबाडी होती, ती आज इतक्या वर्षांनी सांगायला हरकत नाही. प्रॅक्टिकलला बेडूक माझी मैत्रीण फाडायची आणि दोघींच्या आकृत्या मी काढायची. माझ्या आकृत्यांना कॉलेजात तोड नव्हती. पोट उघडलेल्या बेडकाकडे मात्र मी एकदाही पाहिलं नव्हतं. पुस्तकातल्या बेडकाकडे पाहूनच माझं भागायचं. रक्ताचा थेंब दिसला की माझ्या कानात घंटा वाजायच्या आणि पुढचं मला कळायचं नाही. मेडिकलच्या मुलाखतीत एका वयस्क डॉक्टरांनी विचारलं, "रक्ताची भीती वाटते का?" मी ठणकावून "नाही" म्हटलं. त्या वेळी समोर रक्त नव्हतं.

निवड झाल्याचं पत्र आलं आणि त्या दिवसापासून गावानं मला डाक्टरीणबाई करून टाकलं. कोतवाल जीभ दाखवून गेला. शेजारच्या आजीबाई पाठ चोळत आल्या आणि मी शिकायला जायची आहे, शिकून आलेली नाही, हे ऐकायलाच तयार होईनात. नागपूरच्या काकांचं पत्र मात्र वेगळ्या सुरात आलं. मुलीच्या जातीला रक्त सोसत नाही, हे त्यांचं ठाम मत. तरी ते मला ठेवून घ्यायला तयार होते, एका अटीवर. मी तिथं एकदा जरी चक्कर येऊन पडले तरी त्याच दिवशी नाव काढायचं आणि त्यांनी पाहून ठेवलेल्या अमरावतीच्या स्थळाला होकार द्यायचा. बाबांनी पत्र वाचून घडी केली आणि मला म्हणाले, "काकांना काय ठाऊक, तू किती धीट आहेस ते." ते खरंच तसं समजत होते. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

पुढच्या बुधवारी मी बाजारातून दोऱ्याची रिळं घेऊन येत होते. भागरथाबाईच्या पावशीवर एक मोठी मरळ अर्धी झाली होती आणि तिची शेपटी अजून उडत होती. माझ्या कानात घंटा वाजल्या. शुद्धीवर आले तेव्हा मी झिंग्यांच्या टोपलीत होते आणि भागरथाबाई मासोळ्या धुतलेलं पाणी माझ्या तोंडावर मारत होती. माणसं जमली होती. "का झालं, का झालं?" म्हणून गलका चालला होता. "काई नाई झालं," ती म्हणाली, "एकादशीचा उपास आहे पोरीले. उन्हानं चक्कर आली." एकादशी होऊन चार दिवस झाले होते, पण ते कोणाच्या ध्यानात आलं नाही. गर्दी पांगल्यावर ती हळूच म्हणाली, "काऊन वं पोरी, माणूस फाडाले जाते ना तू?"

मला रडू कोसळलं. काका, अमरावती, बेडूक, सगळं मी तिला तिथंच सांगून टाकलं. तिनं ते मासोळीकडे बघतच ऐकलं. मग म्हणाली, "सकाळी येत जाय घरी. कोणाले सांगू नको."

दुसऱ्या दिवसापासून माझं खरं शिक्षण सुरू झालं. आई पूजेला बसली की मी शरीरशास्त्राचं जाड इंग्रजी पुस्तक काखेत मारून, शांत जागी वाचायला जाते असं सांगून तलावाकडे निघायची. पाळीखाली भागरथाबाईचं घर होतं. मुलगा पहाटेच जाळं घेऊन गेलेला असायचा, सून भात कांडत असायची. पहिल्या दिवशी मी दोनदा पडले. दुसऱ्या दिवशी एकदाच. "सुदरून राह्यली," भागरथाबाई सुनेला म्हणाली.

तिची शिकवण्याची रीत एकच होती. मी मान वळवली की तिचा हात थांबायचा. मी परत पाहायला लागले की हात पुन्हा चालायचा. त्यामुळे तिचा सकाळचा अर्धा धंदा बुडायचा, पण तिनं मला कधी घाई केली नाही. एकदा मी बोटांच्या फटीतून पाहत होते, तेव्हा ती म्हणाली, "अर्धं पाह्यलं का भेव वाटते पोरी. पुरं पाह्य. पुरं पाह्यलं का मंग थे मासोळीच असते." डॉक्टरकीच्या कुठल्याही पुस्तकात मला यापेक्षा सरळ वाक्य सापडलं नाही.

"कापणं" हा शब्द तिला चालत नसे. "कापते थे कसाई. आपण उघडतो," असं ती म्हणायची. मासोळी पात्याला आडवी धरून कातडी अशी सोडवायची की खालच्या मांसाला ओरखडा जाऊ नये, हे तिनं माझ्याकडून रोज करून घेतलं. पोटातल्या प्रत्येक वस्तूला तिचं नाव होतं. मासोळी ज्याच्या जोरावर तरंगते तो फुगा, अंडी ती गाभोळी, आणि पित्ताची पिशवी म्हणजे "कडू". हे कडू न फोडता काढता आलं की तिच्या मते माणूस शिकला. फुटलं की अख्खी मासोळी वाया. मी अकरा दिवस कडू फोडत होते. त्या अकरा मासोळ्या त्या घरानं बिनतक्रार कडूच खाल्ल्या असणार, हे मला फार उशिरा सुचलं. बाराव्या दिवशी ती हिरवी पिशवी माझ्या तळहातावर अख्खी आली. मी नाचायच्या बेतात होते. भागरथाबाई म्हणाली, "टाक आता. पुढची घे."

घरी आले की मी तीनदा हात धुवायची, पण वास काही जायचा नाही. पुस्तकालाही तो लागला होता. जेवताना बाबा एकदा नाकाशी बोट नेऊन थांबले. आईनं माझ्याकडे पाहिलं. मी ताटात पाहिलं. "आज वारा तलावाकडचा आहे," बाबा म्हणाले आणि वरणभात कालवू लागले. मग महिनाभर आमच्याकडे वारा तलावाकडचाच होता. एवढ्या वर्षांत मला बाबांना विचारायचा धीर झाला नाही की त्यांना नक्की काय काय ठाऊक होतं.

सगळं गाव मला डाक्टरीण म्हणायचं तेव्हा भागरथाबाई मात्र मला "पोरी" म्हणायची. एकदा तिच्या सुनेनं मला डाक्टरीणबाई म्हटलं, तर सासूनं तिला तिथंच झापलं. "का पाह्यलं हिनं अजून? वीस मासोळ्या पाह्यल्या. माणूस पाहू दे, मंग म्हण." मला तेव्हा थोडा राग आला होता. वीस नव्हे, चांगल्या तीस झाल्या होत्या.

जुलैत मी छोट्या रुळांच्या आगगाडीनं नागभीडवरून नागपूरला गेले. काकूंनी माझं पुस्तक हुंगलं आणि ते घरात न ठेवता ओसरीवर ठेवायला लावलं. चौथ्या दिवशी आम्हाला डिसेक्शन हॉलमध्ये नेलं. औषधाच्या उग्र वासानं डोळ्यांतून पाणी येत होतं. टेबलांवरची कापडं काढली आणि तीन विद्यार्थी पडले. तिघेही पुरुष. त्यातला एक तालमीत जाणारा होता, त्याला उचलायला चौघं लागली. मी काठाशी उभी राहून टेबलावरच्या माणसाकडे पुरं पाहिलं. घंटा वाजल्या नाहीत. माझी पाळी आली तेव्हा मी सुरी आडवी धरून दंडाची कातडी सोडवली. शिकवणारे सर जवळ येऊन बराच वेळ पाहत राहिले. "हा हात कोणी बसवून दिला?" त्यांनी विचारलं. "आमच्या गावाकडे एक बाई आहेत," मी म्हटलं. "डॉक्टर आहेत?" मी म्हटलं, "नाही सर, पण प्रॅक्टिस मोठी आहे." काकांनी संध्याकाळी मोठ्या आशेनं विचारलं, "काय, पडलीस का?" मी नाही म्हटल्यावर त्यांनी अमरावतीला नकाराचं पत्र टाकलं. त्या स्थळाचं पुढे चांगलं झालं असं ऐकते.

दिवाळीच्या सुट्टीत गावी आले. चार महिन्यांत आम्ही माणसाचा फक्त हात शिकलो होतो, खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत. उरलेला माणूस अजून यायचा होता. वरच्या वर्गातल्या एकीकडून मी पंजाची हाडं घेतली होती, दोऱ्यात ओवलेली. ती पिशवीत घालून मी पहिल्याच दिवशी भागरथाबाईकडे गेले. गाव त्या हाडांना भ्यालं असतं. तिनं ती उजेडात धरून एकेक निरखलं. "कोणाचा आहे हा हात?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "ठाऊक नाही." "अन् टेबलावर ज्याले उघडून राह्यली, त्याचं नाव?" "तिथं नाव विचारत नाहीत, भागरथाबाई." ती चकित झाली. "चार महिने त्याचा हात हातात घेऊन बसली, अन् नाव नाई विचारलं?" मी हाडं परत घ्यायला हात पुढे केला.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, ती सगळं डाव्या हातानं करत होती. उजवा पदराखाली होता, चिंधीत बांधलेला. "मांगूर मासोळीचा काटा लागला," ती म्हणाली, "चार दिवस झाले. हळद लावली." मी चिंधी सोडली. तळहात टरटरून सुजला होता, मध्ये पू धरला होता आणि मनगटावरून एक लाल रेघ कोपराकडे चढली होती.

मला चक्कर आली नाही. उलट मला आनंद झाला, हे लिहिताना लाज वाटते. समोर जिवंत हात होता आणि त्यातलं मला सगळं येत होतं. तिचा पंजा मांडीवर घेऊन मी एकेक स्नायू, एकेक नस, एकेक शीर लॅटिन नावानं म्हणून दाखवली. परीक्षा असती तर पैकीच्या पैकी मिळाले असते. भागरथाबाईनं सुनेला हाक मारली, "पाह्य वं, पाह्य! एवढा पू आहे, अन् पोरगी हालली नाई!" तिचा चेहरा नुसता फुलला होता. दुखत असणार, पण ती हसत होती. यावर उपाय काय करायचा ते आम्हाला चौथ्या वर्षी शिकवणार होते. मी चिंधी परत बांधली आणि म्हटलं, "उद्या सिंदेवाहीच्या दवाखान्यात दाखवा हं." ती म्हणाली, "हो." मग पाडवा झाला, भाऊबीज झाली, आणि मी नागपूरला निघाले. जाताना तिच्याकडे डोकावायचं राहून गेलं.

पुढे मी याच भागात सगळी हयात डॉक्टरकी केली. "दवाखान्यात दाखवा हं" हे वाक्य मी पुन्हा कधी उच्चारलं नाही. बैलबंडी बोलवायची, पेशंट आपल्या हातानं आत बसवायचा, आणि बंडी वळणापर्यंत जाताना दिसेस्तोवर दारातून हलायचं नाही. लोक म्हणतात, बाई फार जीव लावून काम करतात. मी त्यांना दुरुस्त करत नाही.

उन्हाळ्यात गावी आले तेव्हा बुधवारच्या बाजारात त्या गोणपाटावर सून बसली होती. मला पाहताच ती उभी राहिली. सासूबाई देवदिवाळीच्या आतच गेल्या म्हणाली. हात काळा पडला, ताप उतरलाच नाही. तिच्या बोलण्यात माझ्याविषयी राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"बंडी जुपली होती जी आमी," ती म्हणाली. "दवाखान्यात नेतो म्हणलं. तं उठेच ना. म्हणे, आता आणखी कोणाले दाखवाचं? आपल्या डाक्टरीणबाईनं पाह्यलं ना."