छातीवर दोन बोटं

नांदेडच्या वकिलीणबाईंची गाडी शिवप्पा उस्तादांच्या दारात लागली आणि चाकुरात बोभाटा झाला, उस्तादानं परदेशात जाऊन माणसं मारली. अमरनाथकाका तर हॉटेलात तोंडानंच बंदूक वाजवून सांगायचे, "ठो! ठो! लई पाडली म्हणं!"

सगळं झूट. उस्ताद परदेशात गेलेच नव्हते. परदेशच त्यांच्याकडं आला होता.

समुद्रापलीकडच्या एका लहान देशाला आपल्याकडून मदत म्हणून बंदुका गेल्या आणि तिकडचे तरुण अधिकारी इकडं शिकायला आले. त्यांना शिकवायला सुभेदार शिवप्पा. फौजेत शिकवणाऱ्याला उस्तादच म्हणतात. मदतीला एक अट होती, माणसाचे हक्कही शिकवायचे. त्या तासाला बाकीचे उस्ताद चहा पीत. शिवप्पा घसा फोडून ओरडत, "हात वर केलेल्यावर गोळी न्हाई! कुणी बी हुकूम देऊ दे, न्हाई म्हंजे न्हाई!" आधी हिंदीत, मग रंगात आले की चाकूरच्या बोलीत.

पुढच्या रांगेतला एक पोरगा हे हुबेहूब त्यांच्या हेलात म्हणून दाखवायचा. नेम धरण्याआधी उस्ताद सदऱ्यावरूनच गळ्यातल्या इष्टलिंगाला दोन बोटं लावत, मग कपाळाला. त्यानं तेही उचललं, गळ्यात काही नसताना. सुट्टीत तो चाकूरला उस्तादांच्या घरी आला. उस्तादांच्या बायकोच्या, महादेवीकाकूंच्या जिभेवर त्याचं नाव बसेना, म्हणून त्यांनी त्याला संगमेश केलं. लेक झाला तर ठेवायचं म्हणून जपलेलं नाव होतं ते. लेक झालाच नाही. पोरगा दह्याशी धपाटे खाताना म्हणाला, "आई, लई झालं, बास!" काकू आठ दिवस तेच सांगत हसत होत्या.

मागच्या वर्षी मोबाईलवर एक व्हिडिओ फिरला. त्या देशातला चौक, हात वर करून बसलेली माणसं, तोंड झाकलेला अधिकारी. त्यानं दोन बोटं छातीला लावली, मग कपाळाला. मग हुकूम दिला. चौकात कुणी बसलेलं उरलं नाही.

"अहो, ह्यो आपला संगमेश दिसतोय की!"

"गप की ग."

उस्तादांनी जुन्या साहेबांना फोन लावला. साहेब हसले. "अरे शिवप्पा, वो पीरियड तो दिखाने के लिए था! तू सच समझ बैठा? बंदूकों की अगली खेप निकल रही है, चुप बैठ."

उस्तादांनी फोन ठेवला. मग म्हणाले, "पोरानं दगा दिला, साहेबानं बी दिला. अन् माझ्या देवाला हात लावून मारली की गं माणसं."

त्या दिवसापासून त्यांची बोटं छातीकडं जाईनात.

वकिलीण तनुजाताई आल्या त्या यासाठीच. मेलेल्यांच्या घरच्यांनी तिकडं खटला घातला होता. तो अधिकारी कोण हे कुणी शपथेवर सांगितलं, तर त्याच्यावर आरोप ठेवता येणार होता, आणि बंदुकांची पुढची खेप थांबवा म्हणून इकडंही कोर्टात जाता येणार होतं.

शेजारच्या ओट्यावरून मी म्हणालो, "उस्ताद, पैज लावा. तुम्ही त्याचं नाव घेणार न्हाई. हरलो तर म्हणाल ते करीन."

"लाव," ते म्हणाले.

फोनच्या पडद्यावर तिकडचे वकील दिसले. उस्तादांनी घसा साफ केला आणि त्या घरात कधीच कुणी न घेतलेलं त्याचं खरं नाव आडनावासकट घेतलं. काकू उठून आत गेल्या.

"चेहरा तर झाकलाय," तनुजाताई म्हणाल्या. "ओळखलं कशावरून?"

उस्तादांचा हात उचलला गेला आणि मधेच अडकला. त्यांनी मान माझ्याकडं वळवली.

"हरलास न्हवं? गल्लीभर माझी नक्कल करत हिंडतोस की. कर."

मी फोनपुढं झालो. दोन बोटं छातीला लावली, मग कपाळाला. हुबेहूब. पहिल्यांदाच कुणी हसलं नाही.