वाट पाहणारी ओळ

रफ्ला अय्यादीला राग यायला मोठं कारण लागत नसे. स्फॅक्स शहरातल्या त्या छोट्याशा सॉफ्टवेअर कंपनीत सगळे तिला वचकून असत. पण आजचा राग वेगळा होता. मालक मोंजींनी, ज्यांना सगळे मानाने 'सी मोंजी' म्हणत, तिच्यापुढे हॉस्पिटलला द्यायचं एक पत्र सरकवलं होतं. हॉस्पिटलमधल्या रक्ताच्या चाळीस पिशव्या फेकाव्या लागल्या, कारण म्हणे रक्तपेढीतल्या झकियाने प्रोग्राम चुकीच्या पद्धतीने बंद केला. खाली रफ्लाची सही हवी होती.

प्रोग्राम रफ्लानेच सी प्लस प्लस या संगणकीय भाषेत लिहिलेला. फ्रिजचं तापमान नोंदवायला वेगळा थ्रेड, म्हणजे प्रोग्रामच्या आतच समांतर चालणारं काम, आणि बंद होताना मुख्य प्रोग्रामने त्याची नोंद पुरी होईपर्यंत थांबायचं. रफ्लाने कोड उघडून पाहिला, तर ती थांबण्याची ओळच गायब होती. तिच्या जागी कोणीतरी थ्रेड डिटॅच करून मोकळा सोडला होता. आता त्याची वाट कोणी पाहणार नाही. मुख्य प्रोग्राम संपला की तोही अर्ध्या नोंदीवर मरणार. आणि नोंद नसलेलं रक्त कुणाला चढवत नाहीत.

"सी मोंजी, ही ओळ कोणी बदलली?"

"मी. बंद व्हायला दहा सेकंद लागायचे, गिऱ्हाइकासमोर लाज जायची. फोनवर तुला विचारलं नव्हतं का, या थ्रेडचं काय करू? तूच म्हणालीस, सोडून द्या."

"सोडून द्या म्हणजे हात लावू नका!"

"मग तसं बोलायचं. मी दिला सोडून."

रफ्लाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांचा राग आलाच, पण घाईघाईत दोन शब्द फेकून फोन ठेवणाऱ्या स्वतःचा त्याहून जास्त आला. चूक आपल्या दोघांची आणि बळी झकियाचा!

"तिने आपण दिलेलं बटण दाबलं, एवढंच. मी सही करणार नाही."

"कंपनी बुडेल, बाई!"

"बुडू दे."

तिने तिथूनच झकियाला फोन लावला आणि थोरामोठ्या बायकांना म्हणतात तसं 'लल्ला' म्हणून हाक मारली. "लल्ला झकिया, तुमची काही चूक नाही. आमची आहे. मी तसं लिहून देतेय."



"आत्ता सांगतेस, पोरी? बावीस वर्षांत माझा हात कधी चुकला नाही. पण तुमच्या कंपनीतले एवढे शिकलेले इंजिनियर परवापासून म्हणतायत, तर चुकला असेल, असं मलाच वाटायला लागलं. काल राजीनामा देऊन आले."

रफ्लाने पत्र उलटं केलं, कोऱ्या बाजूवर स्वतःचं आणि सी मोंजींचं नाव लिहिलं, काय घडलं ते लिहिलं आणि सही ठोकली. सी मोंजी दारात आडवे आले.

"बाजूला व्हा," ती म्हणाली, आणि हॉस्पिटलकडे निघाली.