झोळीत ठेवलेला नारळ

ही गोष्ट सांगायची मी पुष्कळ वर्षं टाळली. टाळायला फार कष्ट पडले नाहीत, कारण कोणी विचारलंच नाही. घरच्यांना माझ्या नोकरीबद्दल एवढंच माहीत आहे की मी खेड्यापाड्यांतल्या मुलांची वजनं करायचो. ते खरं आहे. एका गावात एके दिवशी मी ती चुकीची केली, त्यापायी एका बाईची अंगणवाडी गेली, आणि चूक कळल्यावरही मी गप्प बसलो. आता सत्त्याहत्तरावं चालू आहे. आठवण अजून नीट आहे, तोवर लिहून ठेवतो.

नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. पुण्यातल्या एका संस्थेनं जुन्नर तालुक्यात लहान मुलांच्या आहाराचा अभ्यास काढला होता. अंगणवाडीत सुकडी मिळते, म्हणजे भाजलेल्या पिठाचा गोड भुगा. ती खाऊन मुलांचं वजन वाढतं का, एवढाच प्रश्न होता. दोन गावं निवडली होती. एक खोडदच्या बाजूचं, बागायती. दुसरं पश्चिमेला घाटघरच्या वाटेवरचं, भात-नाचणीचं. त्याचं नाव लिहीत नाही. गावाची काही चूक नव्हती.

माझ्याकडे आढ्याला टांगायचा एक काटा, मुलाला बसवायची निळ्या कापडाची झोळी, दंडाचा घेर मोजायची पट्टी आणि स्टीलच्या तीन वाट्या असत. वाट्या लहान, मधली आणि मोठी अशा. त्या दाखवून आईला विचारायचं, काल बाळानं काय आणि किती खाल्लं.

"काल काय खाल्लं बाळानं?"

"भाकर."

"किती?"

"खाल्ली तेवढी."

"या वाटीएवढी, का त्या?"

"भाकर वाटीत कशी बसंल, भाऊ?"

एकीनं सगळं ऐकून घेतल्यावर मधल्या वाटीचा भाव विचारला. खोडदला तेव्हा आकाशाचा वेध घेणारी मोठी दुर्बीण उभी राहत होती; त्या बाजूच्या गावातली एक बाई म्हणाली, "तिकडं ते दुर्बीणवाले आभाळ मोजत्यात, आन् तुमी आमच्या पोरांचे दंड. मोजायची कामं बरी निघाली राव." मी वहीत 'प्रतिसाद समाधानकारक' असं लिहिलं.

पश्चिमेच्या गावातली अंगणवाडी सेविका पस्तिशीची असेल. गाव तिला बाई म्हणे, मीही बाईच म्हणायचो. तिची एक सवय होती. ती सुकडी घरी न्यायला देत नसे. घरी गेली की ती थोरली भावंडं खातात, हे तिला माहीत होतं. ती घमेल्यात पाणी घालून सुकडी मळायची, लाडू वळायची आणि पोराच्या तोंडात शेवटचा घास जाईपर्यंत समोर बसून राहायची. एखादी आई हिरडा गोळा करायला रानात गेली आणि पोर आलंच नाही, तर त्याच्या वाटणीची सुकडी कागदात बांधून संध्याकाळी स्वतः नेऊन भरवायची. हे सगळं मी 'वाटप नियमित' या दोन शब्दांत नोंदवलं.

पहिली वजनं थंडीत केली. मी सकाळी लवकर पोहोचलो होतो, अंगणवाडीत कोणी नव्हतं. काटा टांगला, त्याला रिकामी झोळी लावली आणि स्क्रू फिरवून सुई शून्यावर आणली. झोळीचं वजन मुलाच्या वजनात धरलं जाऊ नये म्हणून हे करायचं असतं. मग मुलं आली, वजनं झाली.

दुसरी वजनं तीन महिन्यांनी, हिरड्याच्या दिवसांत. त्या दिवशी जुन्नरची एसटी उशिरा सुटली. मी पोहोचलो तेव्हा बायका पोरं घेऊन पडवीत ताटकळत बसल्या होत्या. रानात जायचं राहून गेल्यामुळे कोणाचंच तोंड बरं नव्हतं. मी घाईनं काटा टांगला, झोळी अडकवली. दारातून वारं आलं आणि झोळी हलायला लागली.

"ए बाबा!" नातवाला घेऊन बसलेली एक म्हातारी ओरडली. "रिकामी झोळी हलवू नगंस!"

"हलवत नाही आजी, वाऱ्यानं हलतेय."

"वाऱ्याला आमी बोलवलं व्हतं का? उतरीव ती. रिकामा पाळणा हलवायचा नसतो, लेकराला वाईट आसतं. येवढं पन शिकवलं न्हाई का तुला पुण्याला?"

मी सांगितलं की सुई शून्यावर आणायची आहे. म्हातारी म्हणाली, आण की, सुईला कोण नाही म्हणतंय. रिकामी नको म्हणजे नको. दोघी-तिघी पोरं कडेवर घेऊन उठल्यासुद्धा. त्या गेल्या असत्या तर माझा महिना फुकट गेला असता.

तेव्हा बाईनं मार्ग काढला. अंगणवाडीच्या कपाटात कोणी नवसाचा आणून दिलेला नारळ होता. तो तिनं काढला आणि झोळीत ठेवला. "बारशाला पाळण्यात वरवंटा ठेवतो का न्हाई, तसं," ती म्हणाली. "आता झोळी रिकामी न्हाई. लावा तुमचं शून्य, भाऊ."

बायका खाली बसल्या. मी बाईचे आभार मानले, स्क्रू फिरवला, सुई शून्यावर आणली. मग नारळ काढून बाजूला ठेवला आणि पहिलं मूल झोळीत घातलं.

मला लोकांनी नंतर हुशार माणूस म्हटलं आहे, म्हणून सांगतो. नारळ माझ्या लेखी धार्मिक बाब होती. त्याला वजन असतं हे माझ्या डोक्यात आलं नाही. नारळासकट शून्य लावलं की प्रत्येक मूल एका नारळानं हलकं भरणार, हे तिसरीतल्या मुलानंही सांगितलं असतं. तिथली मुलं तिसरीपेक्षा लहान होती.

चौथ्या का पाचव्या मुलाच्या वेळी बाईनं मला हटकलं. "भाऊ, ह्याचं कमी कसं भरलं? कडंवर घेतलं तर जड लागतंय की."

"काटा हाताला भुलत नाही, बाई."

"पुन्हा एकदा लावून बघा की."

"तीनची गाडी आहे," मी म्हणालो.

शेवटी नारळ पायरीवर फोडला. सगळ्या पोरांना एकेक तुकडा मिळाला. मला दोन.

पुढच्या आठवड्यात खोडदकडच्या गावात काटा लावताना स्क्रू बराच फिरवावा लागला. मला वाटलं, एसटीच्या हादऱ्यांनी सरकला असेल.

पुण्यात आकडे मांडले तेव्हा खोडदकडची मुलं वाढलेली दिसली आणि पश्चिमेची जिथल्या तिथं. काही तर घटलेली. सुकडी दोन्हीकडे सारखीच पोहोचली होती. अभ्यासाच्या प्रमुख मॅडमनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. त्या कडक होत्या, पण अन्यायी नव्हत्या. मी म्हणालो, "दंडाचा घेर मात्र वाढलेला आहे."

"पट्टी माणूस ओढतो," मॅडम म्हणाल्या. "काटा कोण ओढतो?"

मला ते पटलं. माझ्याच तोंडचं वाक्य जरा बऱ्या भाषेत परत आलं होतं. अहवालात लिहिलं गेलं की दुसऱ्या गावात सुकडी मुलांच्या तोंडापर्यंत पोहोचत नसावी. 'नसावी' हा शब्द मॅडमनी विचार करून घातला होता. वरच्या कचेरीत पोहोचेपर्यंत त्याचा 'नाही' झाला.

चौकशीला दोन माणसं आली. त्यांच्याबरोबर मलाही जावं लागलं. त्यांनी बाईचं घर उघडायला लावलं, तर फळीवर कागदात बांधलेल्या सुकडीच्या दोन पुड्या सापडल्या. त्या कशाच्या ते बाईनं सांगितलं. ज्यांच्या पोरांसाठी त्या बांधल्या होत्या त्या दोघी रानात होत्या. चौकशीला पाचच्या आत जुन्नरला परतायचं होतं.

मग पडवीतच बैठक झाली. एक साहेब म्हणाले, सुकडी वाटली तर मग वजनं का वाढली नाहीत, याचं उत्तर द्या. बाई माझ्याकडे वळली.

"भाऊ, तुमी तर समोर व्हता. मी भरवताना बघितलंय तुमी. तुमी सांगा की."

मी म्हणालो, "आकडे आहेत ते आहेत."

झोळीवरून मला झापणारी म्हातारी तिथंच होती. ती बाईला म्हणाली, "आमी तुला घरची समजत व्हतो गं." बाईनं हजेरीची वही आणि कपाटाची किल्ली चटईवर ठेवली आणि ती घरी गेली. महिन्याभरात दुसरी सेविका आली.

तिसरी वजनं दिवाळीनंतर केली. मी लवकर पोहोचलो होतो. रिकाम्या झोळीनं शून्य लावलं, कोणी अडवायला नव्हतं. मुलांची वजनं अशी वाढलेली निघाली की मॅडमनी दोनदा बेरीज करायला लावली. सेविका बदलली आणि मुलं वाढली, याहून स्वच्छ पुरावा मिळणं अवघड. पुण्यात एका कार्यक्रमात त्याचा तक्ता पडद्यावर दाखवला. नव्या सेविकेचा सत्कार झाला, आणि गैरप्रकार उजेडात आणला म्हणून माझाही. शाल आणि श्रीफळ.

श्रीफळ घरी आणून ठेवलं आणि जेवायला बसलो. तेव्हा कळलं. जेवण पूर्ण केलं, हेही लिहून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी जुने कागद काढले. वजनाच्या तक्त्यावर नारळाचा उल्लेख नव्हता. पण वजनाच्या दुसऱ्या दिवशी मी घरोघर वाट्या घेऊन फिरलो होतो, ते आहाराचे तक्ते होते. प्रत्येकावर माझ्या अक्षरात लिहिलेलं: ओलं खोबरं, एक तुकडा. ओलं खोबरं, एक तुकडा. सगळ्या मुलांच्या नावापुढे. खाल्लेला नारळ मी चोख नोंदवला होता.

दोन्ही तक्ते घेऊन मॅडमच्या खोलीत गेलो. त्या परगावी करायच्या भाषणाची तयारी करत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "या. तुमच्यामुळे हे सापडलं, हे मी तिथं आवर्जून सांगणार आहे. तुम्हाला कायम करण्याचं पत्रही टाईप होतंय." मग म्हणाल्या, "हातात काय आहे?"

"जुने तक्ते. जागा अडवतात," मी म्हणालो.

"मग देऊन टाका रद्दीत."

मी ते रद्दीत दिले नाहीत. घरी नेले. त्याला प्रामाणिकपणा म्हणता येईल का, यावर मी बराच काळ विचार केला आहे. म्हणता येत नाही. मुलीचं लग्न ठरत होतं आणि मी कायम झालो.

बाईनं पुढं गाव सोडल्याचं एसटीच्या कंडक्टरकडून कळलं. ती आंबेगाव तालुक्यात मंचरजवळ लेकीकडे राहते, बटाटे निवडायला जाते, असं तो म्हणाला. मी तिला भेटायला गेलो ते निवृत्त झाल्यावर, दहा-बारा वर्षांनी. तक्ते पिशवीत होते. काय बोलायचं ते पुण्यापासून पाठ करत गेलो होतो.

तिनं मला लगेच ओळखलं. "वाटीवाले भाऊ न्हवं? म्हातारे झाला की वो." तिचेही केस पिकले होते. तिनं चहा ठेवला, लेकीला बिस्किटं आणायला पिटाळलं. मी म्हणालो, बटाटे निवडायचं काम बसून बसून त्रासाचं असेल.

"आश्रमशाळेत सैपाकाचं काम मिळत व्हतं," ती म्हणाली. "मीच नको म्हनले. कुणाला तरी कळतंच मागचं. मंग लोकं आपल्याकडं बघत न्हाईत, पिठाच्या डब्याकडं बघत्यात."

मी पिशवी मांडीवर घेतली. चहा झाला. दाराशी बटाट्याच्या गोण्या लादलेला एक टेम्पो उभा होता, त्याचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. बाई जराशी पुढं सरकली.

"एक इचारू का, भाऊ? रागवू नका. मी ह्याच्यावर लई इचार केलाय. मी सुकडी मळताना पानी जास्त घालत व्हते का? म्हंजे पोराचं पोट पान्यानंच भरायचं आन् अंगाला लागत नसंल, आसं झालं आसंल का? कारन खात तर व्हती वो पोरं. माझ्या डोळ्यादेखत खात व्हती."

आपण चोरी केली नाही हे तिला माहीतच होतं. पण काटा खोटा असेल असं तिला कधी वाटलं नाही. म्हणून दहा-बारा वर्षं ती आपल्या हातात खोट शोधत राहिली होती.

मी म्हणालो, "पाण्याने तसा फरक पडत नाही, बाई."

"न्हाई ना?" ती म्हणाली. "मला बी तसंच वाटायचं."

मग लेक बिस्किटं घेऊन आली. मी दोन खाल्ली आणि पावणेपाचच्या गाडीनं परत आलो. पुन्हा जाणार होतो. तीन वर्षांनी गेलो तेव्हा ती नव्हती. लेकीनं पाणी दिलं, कशानं गेली ते सांगितलं. मी ऐकून घेतलं, आणि तेव्हाही पिशवी उघडली नाही.

पाठ केलेलं होतं ते एवढंच: बाई, त्या दिवशी शून्य मी चुकीचं लावलं. तुम्ही पोर कडेवर घेऊन जड लागतंय म्हणालात, ते बरोबर होतं. सगळीच पोरं वाढली होती. सुकडीत पाणी बरोबर होतं, आणि ती तुम्ही पोरांनाच भरवलीत. मला हे दिवाळीनंतर कळलं आणि मी कोणाला सांगितलं नाही. माझं चुकलं. मला माफ करा.