आत्याचा मोकळा वाफा

आत्या गेल्याची चिठ्ठी अमडापूरहून बसच्या कंडक्टरने देऊळगाव राजाला माझ्या शाळेत आणून दिली. वाचल्यावर मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की तिची माफी मागायची राहून गेली... रडू नंतर आलं.

आत्या परसात भाजी लावायची आणि तिथल्याच पाल्यामुळ्यांनी निम्म्या गावाला बरं करायची. फाल्गुनात शेवगा फुललेला, कडुनिंबावर गुळवेल चढलेला, अडुळशाला पांढरे तुरे, आणि पदर खोचून ती आळी करत बसलेली. अडुळसा, गुळवेल सगळ्यांनाच ठाऊक. पण बाळंतिणीला दूध यावं म्हणून ती जी मुळी कुटून द्यायची, तिचं नाव तिने कधी काढलं नाही. "सांगतलं का गुन जाते," म्हणायची. मी मास्तरीण, मला याचा रागच यायचा. वही घेऊन मागे लागले की हसायची, "तुलेच सांगीन वं, येळ आली का."

यंदा शिमग्याला ती पडली, तिला बुलढाण्याला दवाखान्यात नेलं. घर सांभाळायला मी रजा टाकून गेले. नीटनेटकेपणाची मला भारी खोड. विहिरीजवळच्या एका वाफ्यात नुसत्या वाळक्या काड्या दिसल्या. म्हटलं, आत्या येईपर्यंत इथे भेंडी लावून दाखवू. खणताना बारीक पांढऱ्या मुळ्यांचे झुबके निघाले. काहीतरी तण माजलंय असं समजून मी ते उकिरड्यावर टाकले. चार दिवसांनी उकिरडा गाडीत भरून शेतात गेलासुद्धा.

आत्या आली तेव्हा भेंडीला दोन दोन पानं फुटली होती. मी कौतुकाची वाट बघत उभी. ती काठी टेकत वाफ्यापाशी थांबली.

"हे काऊन खंदलं वं?"

"मोकळा होता ना..."

"मोकळा नोता. दुधाची मुळी होती आत. पानी पडलं का फुटली असती."

"मग आधी सांगायचं होतंस!" चूक माझी आणि आवाजही माझाच चढला.

ती खाली बसली. "पाडव्याले तुले दाखवनार होती. आता काय दाखवू?"

पुन्हा ती त्या वाफ्याकडे फिरकली नाही. माझी रजा संपली, मी निघून आले. पाडव्यानंतर थोड्याच दिवसांत ती चिठ्ठी...

दहाव्याला शेजारची सून तान्हं घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. "ताई, दुधाची मुळी हाय काय? पोराले पुरत नाही."

नाही म्हणाले.

"मंग नाव तरी सांगा. आमचे हे रानातून खंदून आनतीन. आत्याबाई तुमालेच सांगून गेल्या म्हनतात सारे."

मी तान्ह्याचं टोपडं सारखं करत राहिले. शेवटी ती पोराला खांद्यावर घेऊन उठली. "राहू द्या. सांगतलं का गुन जाते, तुमाले सांगता येत नाही, समजते मले."

तिच्या बोलण्यात जराही राग नव्हता. आणि मी तिला तसंच समजू दिलं.