भोंग्यावर मेलेला नवरा

नवरा मेल्याची बातमी इस्त्रीवालीला शाळेच्या भोंग्यावरून कळली.

शाळा कॅथलिक, मुलींची, माध्यमिक. तिची भिंत आणि इस्त्रीवालीचं टेबल यांच्यामध्ये एक गल्ली, तीही हातगाडी जेमतेम जाईल एवढी. सकाळची प्रार्थना संपली की ऑफिसातली बाई सूचना वाचायची. मुली तिला भोंगाबाई म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. कुणाच्या घरी बाळ झालं, कुणाची छत्री चॅपेलमध्ये राहिली, कोणत्या पालकांनी शनिवारी खुर्च्या मांडायला यायचं, सगळं एकाच सुरात. पण कुणाकडे मृत्यू झाला असेल तर ती सूचना सगळ्यांच्या आधी. मग सगळी शाळा एक मिनिट गप्प उभी. गल्लीतले लोकही आपापल्या कामावरून हात काढून उभे राहत, कारण भोंगा बंद व्हायची वाट बघत बसण्यापेक्षा उभं राहणं सोपं होतं.

"दहावीतल्या आपल्या एका मुलीचे वडील, आपल्या शेजारच्या इस्त्रीवाल्या बाईंचे यजमान, परगावी अपघातात देवाघरी गेले. त्यांच्या आत्म्यासाठी आणि कुटुंबासाठी प्रार्थना करू या."

इस्त्रीखाली पोस्टमास्तरांचा शर्ट होता. तो पाठीवर चांगला तव्याएवढा जळला, तरी तिचा हात उचलला जाईना. हा नवरा गेल्या हिवाळ्यात एका शिवणकाम करणाऱ्या बाईचा हात धरून पसार झाला होता. मालकाची व्हॅन चालवायचा, त्याच व्हॅनमधून तिचं मशीन घेऊन गेला. "मेला असता तर बरं झालं असतं," असं इस्त्रीवाली तेव्हापासून रोज उठून म्हणायची. आणि आता तो खरंच मेला, तर ही बया टेबलाखाली बसून हमसून हमसून रडली. बाईमाणसाचं हे असं असतं. शिव्या द्यायलासुद्धा माणूस जिवंत लागतो.

दुपारी मुलगी घरी आली. आईचे सुजलेले डोळे बघून ती दारातच थबकली.

"तुला कुणी सांगितलं गं? फोन आला होता का शाळेत?" आईने विचारलं.

"कुणी नाही. मीच सांगितलं."

"काय सांगितलं?"

"बाबा मेले म्हणून. वर्गशिक्षिकेला." मुलीने दप्तर खाली ठेवलं. "गेल्या आठवड्यात त्या डॉक्टरच्या पुतणीचे वडील गेले, तर सगळ्या तिच्या गळ्यात पडून रडत होत्या. आणि मला विचारतात, तुझे बाबा नवीन आईकडे असतात का? रोज विचारतात. आज मला सगळ्यांनी जागा करून दिली."

इस्त्रीवालीने तिला झोडपलं. मग दोघी रडल्या. मग इस्त्रीवाली म्हणाली की आत्ताच्या आत्ता जाऊन खरं सांगून येते, आणि ओढणी डोक्यावर घेऊन ती खरोखरच निघाली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं बाईचा कावा वाटेल. नवरा पळाल्यावर ती याच शाळेत हात पसरायला आली होती. शाळेत मुलींच्या आयांचं कुटुंब आधार मंडळ होतं. घरात मरण किंवा मोठं आजारपण आलं की मंडळ धावून जाई. डबे पोचवी, गणवेश देई, मुलीची फी माफ करवून घेई. पण नवरा पळालेल्या घराला मंडळाच्या नियमात जागा नव्हती. मुख्याध्यापिका सिस्टर तेव्हा खुर्चीवरून न उठता म्हणाल्या होत्या, "लग्न हे आयुष्यभराचं बंधन आहे. फादर समुपदेशन करतात. तुम्ही दोघं मिळून या."

"सिस्टर, तो असता तर मी कशाला आले असते?"

"तरी प्रयत्न करा. दोघं मिळून या," सिस्टर म्हणाल्या होत्या, आणि घंटा वाजली होती.

तर आता ती त्याच ऑफिसात गेली. या खेपेला सिस्टर खुर्चीवरून उठल्या. टेबलाला वळसा घालून आल्या आणि त्यांनी तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. त्यांचे हात थंड आणि मऊ होते. आधार मंडळाच्या अध्यक्षीणबाई तिथेच बसल्या होत्या. त्यांनी तिला छातीशी धरलं, अत्तराच्या वासासकट. भोंगाबाई पाण्याचा ग्लास घेऊन आली. अंत्यविधी परगावीच झाला असं सगळ्यांनी धरलं, मृत्यूचा दाखला कुणी मागितला नाही. दुःखी माणसाकडे कागद मागणं म्हणजे जखमेवर मीठ, असं सिस्टरांचं मत होतं आणि ते चांगलंच मत म्हणायला हवं. सिस्टर म्हणाल्या, मुलीच्या शिक्षणाची काळजी सोडा, बोर्डाच्या परीक्षेपर्यंत आम्ही आहोत. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, वसतिगृहाच्या चादरी आणि चॅपेलची वस्त्रं आतापासून तुमच्याकडेच द्यायची, बाहेर कशाला?

मग सिस्टरांनी हळूच विचारलं, "फार त्रास झाला का हो त्यांना?"

इस्त्रीवालीने खरं सांगायला तोंड उघडलं.

"नाही म्हणे," ती म्हणाली. "जागच्या जागीच."

असा तो दुसऱ्यांदा मेला, आणि या वेळी बायकोच्या तोंडून.

त्यानंतरचे दिवस तिच्या आयुष्यातले सगळ्यात बरे दिवस होते. कुणाला ऐकून राग आला तर येवो. काळे कपडे तिला शोभत. टेबलावर पांढऱ्याशुभ्र चादरींचे ढीग असत. संध्याकाळी मंडळातली कुणीतरी बाई डबा घेऊन येई, बटाटे घातलेलं मटण, सूप, ताजा पाव. आधी गल्लीतले लोक तिच्याकडे बघून आपसात कुजबुजत, ते आता वाट सोडून बाजूला होत. ज्या नवऱ्याने जिवंतपणी कधी घरात धड मीठ आणलं नाही, तो मेल्यावर दोघींना पोटभर जेवू घालत होता. मुलगी वर्गात तिसरी आली. चॅपेलमध्ये त्याच्या नावाने मिस्सेची प्रार्थना झाली तेव्हा इस्त्रीवालीला खरंच रडू आलं, आणि आपण कशासाठी रडतोय हे तिचं तिला कळेना.

आणि मग एके संध्याकाळी, दिवेलागणीला, तो मागच्या दाराशी येऊन उभा राहिला.

आधी तिने ओळखलंच नाही. गेला तेव्हा भरल्या गालांचा, मिशीला पीळ देणारा गडी होता. आता दाढी वाढलेली, गळ्याची हाडं वर आलेली, आणि दोन शब्द बोलला की चार वेळा खोकला. शिवणवालीने आजारी माणसाला घरात ठेवून घ्यायला नकार दिला होता. तिलाही दोष कसा द्यायचा, तिने पळवला होता तो धडधाकट माणूस, हा नव्हे.

"आत घे," तो म्हणाला.

"तू मेलायस," इस्त्रीवाली म्हणाली. जन्मभर ज्याला अहो म्हटलं त्याला तिने पहिल्यांदाच तू म्हटलं. मेलेल्याला कसलं अहो.

तिने सगळं सांगितलं तेव्हा तो आधी हसला. हसता हसता खोकला, मग कट्ट्यावरचा डबा बघून म्हणाला, "हे माझ्याच मरणाचं जेवण का? वाढ की मग, माझाच पहिला मान." तिने वाढलं. तो वचावचा जेवला. मुलगी आतून आली, तिने बापाला नीट निरखून बघितलं, आणि आईला म्हणाली, "याला किती दिवस ठेवणार?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली. हाकलावा तर तो गल्लीत जाऊन बोंबलेल. ठेवावा तर कुणी बघेल. शेवटी तिने अट घातली. धुवायच्या कपड्यांची मागची खोली, तिची खिडकी बंद, आणि परीक्षा होईपर्यंत बाहेर पाऊल टाकायचं नाही. तो कबूल झाला. त्याला दुसरीकडे जागाच नव्हती.

चादरींच्या गाठोड्यांमध्ये तो पडून राही. सकाळी भोंग्यावर कुणाकुणाच्या बापासाठी, आजीसाठी प्रार्थना चाले, ती तो ऐकत राही. सुरुवातीला थट्टा करायचा, "आज कोण आलं गं माझ्या सोबतीला?" पुढे थट्टाही बंद झाली. ताप उतरेना. "डॉक्टर आण," म्हणायचा. डॉक्टर म्हणजे नाव विचारणार, आणि डॉक्टर म्हणजे वडील गेलेल्या त्या वर्गमैत्रिणीच्या काकांशिवाय आसपास कुणी नव्हता. ती औषधांच्या दुकानातून खोकल्याची बाटली आणायची आणि मुलीसाठी म्हणून सांगायची. रात्री त्याच्या उशाशी बसून कपाळावर ओला रुमालही ठेवायची. पण डॉक्टर आणला नाही. हे तिने केलं, आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

मुलगी बापाशी एक शब्द बोलली नाही. त्याच्या खोकल्याने पाठांतर मोडलं की भिंतीवर मूठ आपटायची, एवढंच.

खोकला किती दिवस लपणार? अध्यक्षीणबाई एकदा स्वतः डबा घेऊन आल्या आणि दारातच कान टवकारून उभ्या राहिल्या.

"घरात कुणी आहे का?"

"नाही हो. पलीकडच्या घरातून आवाज येतो."

पलीकडे घर नव्हतं, कोळशाची वखार होती. अध्यक्षीणबाई हसल्या, डबा ठेवला, आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी डबा आला नाही. तिसऱ्या दिवशी चादरी आल्या नाहीत. मंडळातल्या बायकांना जे कळायचं ते कळलं होतं. विधवेने घरात पुरुष ठेवलाय! नवऱ्याची मिस्सा होऊन वर्ष नाही झालं आणि बाई रंग उधळतेय. तिच्याच नवऱ्यावरून तिच्यावर बालंट आलं. यावर हसायचं की डोकं आपटून घ्यायचं हे इस्त्रीवालीलाच ठरवता आलं नाही, तर आपण कोण सांगणार.

रविवारी मिस्सेनंतर सिस्टर, फादर आणि अध्यक्षीणबाई तिघं मिळून घरी आले. मागे शाळेचे दोन नवे शिपाई होते. सिस्टर खुर्चीवर बसल्या नाहीत.

"आमच्या कानावर आलंय ते खोटं असेल तर आम्हाला आनंदच होईल," त्या म्हणाल्या. "मुलीची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. अशा घरातली मुलगी शाळेत ठेवायची की नाही, हा प्रश्न आमच्यापुढे आहे. ती खोली उघडा."

 खोली मुलीने उघडली. जराही न डगमगता.

"भिकारी आहे, सिस्टर," ती म्हणाली. "दाराशी पडला होता, ताप होता. आई म्हणाली मरेल बिचारा. लोक काय म्हणतील म्हणून आम्ही सांगितलं नाही."

गाठोड्यांमध्ये पडलेला तो हाडांचा सापळा बघून तिघांचेही चेहरे पडले. सिस्टरांनी त्याला मुलीच्या प्रवेशाच्या वेळी एकदा पाहिलं होतं, बाकीच्यांनी तेवढंही नाही, पण तो भरल्या गालांचा, पीळदार मिशांचा माणूस या दाढीत कुठे सापडणार? अध्यक्षीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "आणि आम्ही काय काय बोललो हो तुम्हाला!" असं म्हणून त्यांनी इस्त्रीवालीला पुन्हा अत्तरासकट छातीशी धरलं.

फादर गुडघ्यावर बसले. "नाव काय बाबा तुमचं?"

त्याने फादरांकडे बघितलं, मग बायकोकडे. ओठ सुकले होते, पण शब्द स्वच्छ होते. "मी हिचा नवरा," तो म्हणाला. "ही माझी मुलगी. मला डॉक्टरकडे न्या."

 मग फादरांनी त्याच्या कपाळावरून हात फिरवला. "ताप डोक्यात गेलाय," ते हलक्या आवाजात म्हणाले. "बाबा, ते देवाघरी गेलेत. मीच मिस्सा केली त्यांची." आणि त्यांनी वर बघितलं, इस्त्रीवालीकडे. त्यांना संशय नव्हता. बिचारीला उगाच जुनं दुःख आठवलं असेल, म्हणून बघितलं.

एक शब्द बोलायचा अवकाश होता. हो, हाच. डॉक्टर आला असता, इस्पितळ मिळालं असतं, तो कदाचित वाचलाही असता. मुलगी दाराला पाठ लावून उभी होती. तिने आईकडे बघितलंसुद्धा नाही, नखाने भिंतीचा पोपडा काढत राहिली.

"ते गेले," इस्त्रीवाली म्हणाली. "मेल्या माणसाचं नाव लावून बोलतोय, ऐकवत नाही हो. न्या याला."

गावाबाहेर सिस्टरांचं निराधारांसाठी घर होतं. तिथे माणसाला स्वच्छ बिछाना मिळे आणि शेवटपर्यंत प्रार्थना. औषधपाणी असं फारसं नव्हतं. शिपायांनी त्याला चादरीत घालून उचललं. दाराच्या चौकटीशी त्याने हात बाहेर काढून चौकट धरली आणि हाक मारली, "ठिणगे! ए ठिणगे!" लग्न झालं त्या वर्षी तिने पहिल्यांदा त्याच्याशी भांडण केलं तेव्हा त्याने ते नाव ठेवलं होतं. ते दोघांशिवाय कुणालाही माहीत नव्हतं, मुलीलाही नाही.

"काय म्हणतोय?" अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

"काय की," इस्त्रीवाली म्हणाली, आणि तिने एकेक करून त्याची बोटं चौकटीवरून सोडवली. "पायरी तुटकी आहे, सांभाळून उतरवा."

सगळे गेले. जाताना सिस्टर म्हणाल्या की उद्यापासून चादरी पाठवतो, आणि तुमच्यासारख्या बायकांमुळेच हा समाज उभा आहे. गल्लीच्या टोकाशी हातगाडीची चाकं वाजली आणि मग वाजेनाशी झाली. इस्त्रीवाली मागच्या खोलीत जाऊन उभी राहिली. गाठोड्यांमध्ये माणसाच्या अंगाएवढा खड्डा पडला होता.

मुलगी मागून आली. तिनेही तो खड्डा बघितला.

"आई," ती म्हणाली, "आता ही खोली मला अभ्यासाला मिळेल का?"

इस्त्रीवालीने फाडकन तिच्या थोबाडीत मारली. मग तिने खिडकी उघडली, केरसुणी घेतली आणि खोली झाडायला लागली.