बुडालेल्या खाणीत, लेकीच्या हाताखाली

मी पोहायला शिकलो तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा होतो. इंग्लंडमध्ये वॉटफर्डच्या लेजर सेंटरमध्ये, म्हणजे सार्वजनिक क्रीडा केंद्रात, शनिवारी सकाळी मुलांचा क्लास असायचा आणि त्याच पूलच्या उथळ टोकाला मोठ्यांचा. माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. ती खोल बाजूला तळाशी टाकलेल्या रबरी विटा उचलून आणायची, आणि मी इकडे फोमचा निळा तुकडा छातीशी धरून पाय मारत असायचो. परत येताना ती गाडीत विचारायची, "बाबा, आज तुम्ही तोंड पाण्यात घातली का?"

"घातलं," मी म्हणायचो. त्यात तिचं मराठीही दुरुस्त व्हायचं आणि माझी अब्रूही राहायची.

पुढे युनिव्हर्सिटीत गेल्यावर तिला डायव्हिंगचा नाद लागला. डायव्हिंग म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर निळा समुद्र आणि रंगीत मासे यायचे. हिचं डायव्हिंग मात्र मिडलँड्समधल्या बंद पडलेल्या दगडाच्या खाणींत चालायचं. खाण बंद झाली, पंप बंद झाले, खड्डा पाण्याने भरला आणि लोकांनी त्यात उड्या मारायला सुरुवात केली. तळाशी बघायला काहीतरी हवं म्हणून तिथे एक जुनी बससुद्धा बुडवून ठेवली होती. फेब्रुवारीत पाणी पाच-सहा डिग्री. माझ्या बावन्नाव्या वाढदिवसाला तिने मला याच पाण्यातला पहिला धडा भेट दिला. माझ्या बायकोने केक कापता कापता विचारलं, "याला बागकाम का नाही सुचवत कोणी?"

मी नाही म्हणणार होतो. पण मुलगी एकोणीस वर्षांची झाल्यावर ती स्वतःहून बापाबरोबर अख्खा रविवार घालवायला तयार आहे, हे माझ्या लक्षात आलं. तेवढ्यासाठी मी त्या बसमध्येसुद्धा जाऊन बसलो असतो. आणि पुढे खरंच बसलो. ड्रायव्हरच्या सीटवर.

ती इन्स्ट्रक्टर झाल्यावर मात्र माझे हाल सुरू झाले. तिला गाडी मी शिकवली होती. स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमध्ये, मी जिथे काम करायचो तिथल्या गोडाउनमागच्या मोकळ्या रस्त्यावर, दर रविवारी. डाव्या सीटवर बसून, नसलेल्या ब्रेकवर पाय दाबत, मी तिला काय काय बोललो होतो ते मी विसरलो होतो. ती विसरली नव्हती. "मिरर, बाबा," ती माझ्या हवेच्या गेजकडे बोट दाखवून म्हणायची. "हाऊ मेनी टाइम्स?" शिकवताना ती इंग्रजीच बोलायची. मराठीत तिला मला अहो-जाहो करावं लागायचं, आणि अहो-जाहो करत बापाला झापणं अवघड असतं. इंग्रजीत ती अडचण नाही.

खाणीतल्या बोगद्यांमध्ये जायचं तर वेगळं शिक्षण लागतं. डोक्यावर छत असतं. घाबरलो म्हणून वर येता येत नाही, जिथून आत गेलो तिथूनच बाहेर यावं लागतं. त्यासाठी आत जाताना एक बारीक दोरी टाकत जायचं आणि गाळ उठून काही दिसेनासं झालं तर ती हातात धरून बाहेर यायचं. याचा सराव तिने माझ्याकडून आमच्या मागच्या बागेत करून घेतला. माझ्या मास्कवर तिने किचनमधला फॉइल चिकटवला, सफरचंदाच्या झाडापासून शेडपर्यंत, बाकाखालून आणि कचऱ्याच्या बिनांमागून दोरी बांधली आणि मला गुडघ्यांवर रांगायला लावलं. एक-दोनदा नाही, एप्रिलचे चार रविवार. तिसऱ्या रविवारी शेजारची बाई कुंपणावरून बघत होती म्हणे. तिने माझ्या बायकोला हळू आवाजात विचारलं, सगळं ठीक आहे ना. बायको कपडे वाळत घालत होती. ती म्हणाली, "हो, त्याची मुलगी त्याला ट्रेन करतेय." पुढचे काही महिने त्या शेजारणीने मला फार प्रेमाने गुड मॉर्निंग केलं.

ज्या दिवसाबद्दल सांगायचंय तो शनिवार दोन वर्षांपूर्वीचा. मी अठ्ठावन्न, ती पंचवीस. नॉर्थ वेल्समधली पाटीच्या दगडाची एक जुनी खाण. तोवर मी तिच्याबरोबर अशा पाच-सहा खाणींत जाऊन आलो होतो. या खाणीच्या फाटकाची किल्ली तिच्या डायव्हिंग क्लबमधल्या एका रिटायर्ड प्लंबरकडे असे. सत्तरीचा, वेल्श, अतिशय कमी बोलणारा माणूस. तो स्वतः आता पाण्यात उतरत नव्हता. लोकरीची टोपी घालून पाण्याच्या कडेला फोल्डिंग खुर्चीवर बसायचा, आत जाणाऱ्यांची परतायची वेळ वहीत लिहायचा आणि ते बाहेर येईपर्यंत फ्लास्कमधला चहा राखायचा. लिहिलेल्या वेळेपलीकडे कोणी अर्धा तास आलं नाही तर काय करायचं, ते त्याला माहीत होतं. आम्ही त्याबद्दल बोलत नसू.

ढकलगाडीवरून सिलेंडर आत नेले. डोंगरात सरळ शिरणारा बोगदा, पायाखाली जुने रूळ, आणि शंभरेक पावलांवर ते रूळ तसेच्या तसे पाण्याखाली जाताना दिसतात. तिथे आम्ही तयार झालो. अंग कोरडं ठेवणाऱ्या ड्राय सूटची रबरी गळपट्टी माझ्या डोक्यावरून खाली ओढताना लेक नेहमीप्रमाणे म्हणाली, "बाबा, तुमची डोकं मोठी होत चाललीय." मी नेहमीप्रमाणे दुरुस्त केलं. मग तिने नियम सांगितले, जे मला पाठ होते. हवेचा एक भाग आत जायला, एक बाहेर यायला, एक संकटासाठी. आणि शेवटचा, मला सगळ्यात आवडणारा: कोणीही, कधीही, कारण न सांगता डाइव्ह रद्द करू शकतं, आणि त्याला कोणी का म्हणून विचारायचं नाही. आमच्या घरात असा नियम असता तर किती लग्नाच्या रिसेप्शन्स वाचल्या असत्या, असं मी म्हणालो. प्लंबरला इंग्रजीत समजावून सांगितलं. तो हसला नाही, पण त्याने ते कुठेतरी जपून ठेवलं असावं असं वाटलं.

आत पाणी इतकं स्वच्छ होतं की ते आहे हे फक्त थंडीवरून कळत होतं. टॉर्चच्या उजेडात रूळ पुढे जात होते. एक लोखंडी डबा रुळांवर उभा होता, दगड भरायचा. भिंतीतल्या एका कोनाड्यात एनॅमलचा मग होता. कोणीतरी चहा पिऊन ठेवला असेल आणि उद्या येतोच आहे म्हणून धुतला नसेल. ती पुढे दोरी टाकत होती, मी मागे. तिचे पाय बेडकासारखे, आवाज न करता, तळाचा गाळ न उठवता चालत होते. माझे साधारण तसे.

हवेचा एक भाग संपला तेव्हा तिने अंगठ्याने खूण केली. आम्ही वळलो. परतताना क्रम उलटतो, म्हणून आता मी पुढे होतो आणि ती मागे. त्याच वेळी आमचे बुडबुडे छताला लागून तिथला शंभर-दीडशे वर्षांचा गंज आणि चिखल खाली यायला लागला. आधी धूर, मग तपकिरी भिंत. मी टॉर्च मास्कला टेकवला तरी नुसता तांबूस डाग दिसत होता. मी दोरी मुठीत घेतली. तिने माझी पोटरी धरली. ती पुढे ढकलली की चालायचं, मागे ओढली की थांबायचं. बागेत हे सगळं झालेलं होतं. मी चालायला लागलो आणि खरं सांगायचं तर मला थोडी मजाही वाटत होती.

मग तिने पोटरी मागे ओढली. मी थांबलो. आणि तिचा हात सुटला.

मी वाट पाहिली. शिकवलं होतं तसं: हलायचं नाही, दोरी सोडायची नाही, श्वास सावकाश. अशा वेळी माणसाला देव आठवतो म्हणतात. मला आठवलं ते हे, की मंगळवारी बॉयलरची सर्व्हिसिंग आहे आणि घरी कोणी थांबायचं ते ठरलेलं नाही. तो विचार संपला आणि मग एकदम कळलं, की मागे माझी मुलगी आहे आणि मला तिचा आवाजसुद्धा येत नाहीये.

मी दोरीभोवती बोटांची कडी केली, जागेवर वळलो आणि उलट्या दिशेने हात हात सरकायला लागलो. तीन हात असतील. माझे हातमोजे तिच्या हातमोज्याला लागले. ती दोरी धरून होती. तिने माझं मनगट पकडलं आणि माझा हात उचलून स्वतःच्या मानेमागे नेला, जिथे सिलेंडरची तोटी असते. तिथे एक जाड, ताठर वायर गुंडाळली गेली होती. खाणीतल्या जुन्या दिव्यांची असेल. छतावरून लोंबत होती आणि तिच्यात अडकली होती.

आमची लेक जेवणाच्या टेबलावर पाच मिनिटंसुद्धा पाय हलवल्याशिवाय बसू शकत नाही. ती तिथे दगडासारखी स्थिर होती. वळली असती, ओढाताण केली असती, तर आणखी गुरफटली असती, हे तिला माहीत होतं. तिचा श्वास मात्र मला आता ऐकू येत होता आणि तो जलद होता. मी डोळे मिटले, तसेही ते उपयोगाचे नव्हते. जाड हातमोज्यांतून वायरचा एक वेढा सापडला, मग दुसरा. पहिला वाकवून वर काढला. दुसरा निघेना. मी तो सोडला, वायर कुठून येते ते चाचपडत वर गेलो, छताकडून थोडी ढील घेतली आणि परत आलो. मग तो निघाला. तिने माझा हात इतका जोरात दाबला की ती खूण कुठल्याच कोर्समध्ये शिकवत नसावेत. नंतर शिस्तीत पोटरी धरली आणि पुढे ढकलली.

पाण्याबाहेर डोकं आलं तेव्हा प्लंबर वहीत बघत होता. "चार मिनिटं उशीर," तो म्हणाला. मग त्याने आमच्या तोंडांकडे बघितलं आणि न विचारता दोन कप भरले. साखर घालून. मी साखर घेत नाही, तरी प्यायलो.

लेक दोन्ही हातांत कप धरून चहा पीत होती. मी वाट बघत होतो. मला थोडं कौतुक अपेक्षित होतं, लपवण्यात अर्थ नाही. शेवटी ती म्हणाली, "बाबा, जाताना तुमचे पाय खूप खाली होते. गाळ तुम्ही पण उठवलात."

"पुढच्या वेळी लक्षात ठेवतो," मी म्हणालो.

"आणि थँक यू."

दुपारी दुसरी डाइव्ह ठरलेली होती. ती सिलेंडरचं प्रेशर तपासायला लागली, पण तिच्या बोटांना तो छोटा गेज धरवत नव्हता. थंडीने म्हणायचं तर माझी बोटं नीट चालत होती. ती स्वतःहून नको म्हणाली नसती, इन्स्ट्रक्टर ना. मी म्हणालो, "माझ्याकडून आजची दुसरी रद्द."

तिने वर बघितलं. का म्हणून विचारायचं नसतं. तिने विचारलं नाही. "ओके," म्हणाली आणि गेज बंद करून ठेवला.

परतताना गाडी मी चालवली. एरवी ती मला स्टिअरिंगला हात लावू देत नाही. मोटरवेवरच्या सर्व्हिसेसच्या थांब्यावर आम्ही चिप्स घेतल्या. तिने अर्ध्या खाल्ल्या आणि विचारलं, "आईला सांगायचा?"

"सांगायचं."

"सगळा?"

"सगळं. तिला अर्धवट गोष्टी कळतात आणि मग आपल्याला त्रास होतो."

घरी पोचलो तेव्हा बायको आमटी फोडणीला टाकत होती. आम्ही दोघं ओट्याला टेकून उभे राहिलो आणि सांगितलं. ऐकता ऐकता तिने गॅस बारीक केला. लेकीने वायर कशी होती ते हाताने दाखवलं. मी माझा भाग जरा नीट, सविस्तर सांगितला. मी थांबल्यावर बायकोने मला विचारलं, "त्या तुझ्या जॅकेटच्या पट्ट्याला ती छोटी कात्री असते ना? गेल्या ख्रिसमसला घेतलीस ती. कशासाठी असते?"

"दोरी-वायर कापायला," मी म्हणालो.

"मग?"

मी विचार केला. कात्री माझ्या पट्ट्यावरच होती. पूर्ण वेळ.

"विसरलो," मी म्हणालो.

लेक हसायला लागली. ओटा धरून, खाली बसून हसली. हसता हसता ती रडायला कधी लागली ते आम्हाला कळलं नाही. बायकोने तिला उठवलं नाही. ती स्वतःच तिच्याशेजारी फरशीवर बसली, तिचं डोकं खांद्यावर घेतलं आणि मला म्हणाली, "कुकरच्या शिट्या तू मोज."

त्या दिवशी ती आपल्या फ्लॅटवर गेली नाही. तीनदा भात घेतला आणि आठ वाजता तिच्या जुन्या खोलीत झोपून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिन्यात होतो तेव्हा ती आत फोनवर मैत्रिणीला इंग्रजीत सगळं सांगत होती. त्या कथेत वायर जास्त जाड होती आणि मी यायला इतका वेळ लावला होता की तिचं लंच होऊन गेलं असतं. कात्रीचा भाग तिने दोनदा सांगितला. मी खोकलो नाही. चहाचे कप घेऊन तिथेच पायरीवर बसलो आणि तिचं बोलणं संपायची वाट बघितली.